‘काम वेगळं आहे’ म्हणतात, तर ते लिहून मागा

पत्र थोडक्यात: पुणे जिल्ह्यातल्या एका मोठ्या कंपनीत ही ताई १४ वर्षं काम करते. गाड्यांच्या वायरिंग हार्नेसची (गाडीतल्या वायरींच्या बांधलेल्या जुड्यांची) लाईन, कायम कामगार. लाईनवरच्या बायकांचं पद ‘असेंब्ली सहायक’ आणि क्रिम्पिंग मशीनवरच्या, म्हणजे वायरच्या टोकाला धातूची पिन दाबून बसवणाऱ्या मशीनवरच्या, पुरुषांचं ‘ऑपरेटर’. प्रत्यक्षात मशीनवरचा माणूस रजेवर गेला की मशीन हीच चालवते, महिन्यातले दहाबारा दिवस तरी. चार वर्षांपूर्वी हिच्या हाताखाली शिकलेल्या मुलाच्या हातात आज ३३,१०० रुपये येतात आणि हिच्या हातात २७,४००. लाईनवर अशा सात जणी आहेत, त्यातल्या तिघी ठेकेदाराकडच्या. एकीला बाळंतपणाच्या रजेनंतर पॅकिंगला टाकलं आणि तिची वार्षिक वाढ थांबवली. सातही जणींनी मिळून विचारायचं ठरवलं होतं. त्याची कुणकुण लागताच एचआरच्या साहेबांनी हिला एकटीला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, ‘तुम्हाला लाईन लीडर करतो, बाकीच्यांच्या नादी लागू नका.’ युनियनवाले म्हणतात पगाराच्या करारावर सह्या झाल्यात, आता काही होणार नाही. नवरा म्हणतो आहे ते टिकव. मुलगी बारावीला, घराचा हप्ता चालू. ताई विचारते, ‘एकटीचं घेऊ की सगळ्यांचं मागू? मागितलं तर एवढ्या मोठ्या कंपनीपुढे आम्ही टिकणार कशा? आणि कंपनी आम्हाला मुद्दाम कमी देते हे सिद्ध कसं करायचं?’

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय. ‘त्या पोराला मी शिकवलं याचं मला वाईट वाटत नाही, पोरगं गुणी आहे.’ ते वाचून तुमच्याबद्दल फार आदर वाटला. अशा भांडणात सगळ्यात आधी बिघडतं ते हेच. राग शेजारच्या मशीनवरच्या पोरावर निघतो आणि पगाराचा तक्ता ठरवणारे बाजूला राहतात. तुमचं तसं झालेलं नाही. ते जपा, पुढे फार कामाला येणार आहे.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे दोन्ही त्याच्यापाशी अडलेत. कंपनी मुद्दाम कमी देते हे सिद्ध कसं करायचं? ताई, हे ओझं तुम्ही विनाकारण डोक्यावर घेतलंय. साहेबांच्या मनात काय आहे, ते बायकांना कमी लेखतात का, हे तुम्ही शोधायची गरज नाही. मालक एकच आहे का, काम तेच किंवा त्याच स्वरूपाचं आहे का, आणि तरीही बाईला बाई म्हणून कमी मिळतं का, एवढंच कायदा विचारतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७६ चा समान वेतनाचा कायदा वेतन संहितेत गेला, पण हा गाभा तसाच राहिलाय. ‘त्याच स्वरूपाचं काम’ म्हणजे काय, तेही संहितेत दिलंय. कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी सारखी लागत असेल, कामाची परिस्थिती सारखी असेल आणि फरक असलाच तर तो प्रत्यक्षात बिनमहत्त्वाचा असेल, तर ते काम त्याच स्वरूपाचं.

म्हणून कुणाच्या मनात शिरायला जाऊ नका. फक्त कारण विचारा, आणि ते लेखी मागा. तोंडी कारण दर वेळी बदलतं. तुम्हीच लिहिलंय, आधी म्हणाले बायका रात्रपाळी करत नाहीत, मग म्हणाले वायरचे ड्रम उचलावे लागतात, मग म्हणाले तुम्हाला घर सांभाळायचं असतं. कागदावर मात्र काहीतरी एक लिहावं लागतं, खाली सही करावी लागते आणि उद्या त्यावरून फिरता येत नाही.

आपल्याकडच्या बायकांनी जे जे खटले जिंकले, त्यांत हेच घडलेलं दिसतं. बॉम्बे लेबर युनियनने इंटरनॅशनल फ्रँचायझेस या औषध कंपनीविरुद्ध लढवलेला खटला घ्या. त्या कंपनीत एका विभागात अविवाहित मुलींनाच घेत आणि लग्न झालं की नोकरी गेली, असा नियम होता. कंपनीने कारण दिलं की तिथे गटाने काम चालतं, रोजची हजेरी लागते आणि लग्न झालेल्या बायका फार खाडे करतात. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये साधा मुद्दा काढला. मुलंबाळं असल्यामुळे खाडे होतात असं म्हणायचं, तर मुलं असलेल्या विधवेचंही तेच नाही का? पण विधवेला तर तुमच्या नियमात मज्जाव नाही! नियम रद्द झाला. कंपनी दुष्ट आहे हे कुणालाही सिद्ध करावं लागलं नाही. कंपनीने दिलेलं कारण दुसऱ्या बाईला लावून पाहिलं आणि ते बसलं नाही, एवढंच.

दुसरं प्रकरण तर तुमचंच वाटावं इतकं जवळचं आहे. मुंबईची मॅकिनॉन मॅकेन्झी ही जहाजांच्या व्यवसायातली जुनी, बलाढ्य कंपनी. तिथे ऑड्री डिकोस्टा या ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ होत्या. लघुलेखन तेच, टंकलेखन तेच, पण पुरुष स्टेनोंना पगार जास्त. जून १९७७ मध्ये त्यांची नोकरी संपली आणि त्यानंतर त्यांनी समान वेतनाच्या कायद्याखाली दावा लावला. कंपनीने एकेक कारण पुढे केलं. या स्त्रिया साहेबांसोबत गोपनीय काम करतात म्हणून त्यांचं काम वेगळं आहे, युनियनशी १९७५ साली करार झालाय आणि त्यातच हे दर ठरलेत, शिवाय कंपनीची आर्थिक स्थिती नाजूक आहे. पहिल्या पायरीवर त्या हरल्या. अपिलात जिंकल्या, उच्च न्यायालयात जिंकल्या आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही जिंकल्या. थकबाकी किती होती? ७,१९६ रुपये ६७ पैसे. एवढ्यासाठी कंपनी दिल्लीपर्यंत गेली, यावरूनच कळतं की प्रश्न त्या एका बाईच्या सात हजारांचा नव्हता.

त्या निकालातली एक गोष्ट तुम्ही वहीत लिहून ठेवा. काम सारखं आहे की नाही हे बघताना प्रत्यक्षात कोण काय करतं ते बघायचं, कागदावर कुणाला काय करायला सांगता आलं असतं ते नाही. वायरचा ड्रम ऑपरेटरने उचलायचा असं नियमात असेल. तुमच्या लाईनवर तो गेल्या वर्षभरात कितीदा हाताने उचलला गेला आणि कितीदा ट्रॉलीवरून आला? तुम्हाला माहीत आहे. साहेबांना बहुधा माहीत नसेल.

आता तुमच्या पत्रातल्या एका ओळीकडे येते. ती तुम्ही अभिमानाने पण ओझरती लिहिली आहे. लाईनच्या तोंडाशी जो कौशल्याचा बोर्ड आहे, फोटो चिकटवलेला, त्यावर ‘क्रिम्पिंग’च्या रकान्यात तुमच्या नावापुढे गोलाचे चारही भाग काळे आहेत. म्हणजे स्वतः करू शकते आणि दुसऱ्याला शिकवूही शकते. आणि त्या मुलाचे तीन भाग काळे आहेत. ताई, हा बोर्ड कंपनीने लावलाय. तो तुम्ही रंगवलेला नाही, युनियनने नाही. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांची माणसं तपासणीला येतात तेव्हा हाच बोर्ड दाखवून सांगतात की आमची माणसं प्रशिक्षित आहेत. ग्राहकापुढे तुम्ही पूर्ण कुशल आणि पगाराच्या दिवशी सहायक, या दोन गोष्टी एकाच भिंतीखाली कशा राहतात, हे कंपनीला सांगावं लागेल.

पण फोटो काढू नका. बऱ्याच कारखान्यांत आत मोबाईल न्यायला किंवा फोटो काढायला बंदी असते आणि तेवढंच निमित्त करून नोटीस देतात. बोर्डावर काय आहे ते घरी येऊन तारखेसह वहीत उतरवा. मशीनच्या रोजच्या नोंदीत चालवणाऱ्याची सही किंवा टोकन नंबर असतो. तुम्ही कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीला, कुणाच्या जागी मशीन चालवलं, त्याची यादी करा. पगाराची चिठ्ठी दर महिन्याला मागून घ्या, ती देणं मालकावर बंधनकारक आहे. नेमणूक पत्र शोधून काढा. हे सगळं कंपनीच्या लॉकरमध्ये नको, घरी ठेवा.

आता एक हरलेली बाजूही सांगते, कारण नुसत्या जिंकलेल्या गोष्टी सांगून तुम्हाला पुढे ढकलणं मला पटणार नाही. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला प्रसिद्ध आहे, नर्गेश मिर्झा आणि इतरांचा. पस्तिशीत निवृत्ती, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी गेली, पहिल्या गरोदरपणात गेली, असे नियम होते. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाचा नियम उडवला. त्यात भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, इतक्या कडक शब्दांत. वय वाढवून द्यायचं की नाही हे एकट्या व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर ठेवलं होतं, तेही काढलं. पण चार वर्षांच्या लग्नाचा नियम ठेवला. आणि त्याच विमानात, त्याच प्रवाशांची सेवा करणाऱ्या पुरुषांशी त्यांची बरोबरी मानली नाही. का? तर पुरुषांची भरती वेगळी, बढतीची शिडी वेगळी, सेवाशर्ती वेगळ्या, म्हणजे वर्गच वेगळा. खरं तर तो वर्ग वेगळा कंपनीनेच केला होता. मला तो निकाल आजही खुपतो. नंतर वाट हळूहळू मोकळी होत गेली. २००५ मध्ये विमानातल्या सेवकवर्गाचं प्रमुखपद स्त्रियांना खुलं झालं, काही पुरुष सहकारी त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं अपील फेटाळलं. तोवर किती जणींची नोकरीची उमेद त्यात गेली!

यातून तुम्ही एकच सावधगिरी घ्या. येत्या काही महिन्यांत कंपनी तुमच्यासाठी एखादं नवं गोड पद काढेल, ‘सीनियर असेंब्ली सहायक’ किंवा ‘महिला लाईन समन्वयक’. चारपाचशे रुपये वाढतील, पेढे वाटले जातील आणि तुमची शिडी कायमची वेगळी होऊन बसेल. पद बायकांसाठीच असेल तर सही करण्याआधी दहा वेळा विचार करा. तुम्हाला पुरुषांच्याच शिडीवर जागा हवी आहे.

रात्रपाळीचं कारण देतात त्याबद्दल. स्त्रीची सहमती असेल आणि सुरक्षिततेची, जाण्यायेण्याची सोय असेल, तर तिला रात्री काम करता येतं, असं नवीन संहिताही सांगते. तेव्हा तुम्हाला रात्रपाळीला कधी विचारलं का, हा प्रश्न आहे. विचारलंच नाही तर तुम्ही नकार दिला असं कसं म्हणता येईल? आणि समजा तुमच्यातल्या दोघींना रात्रपाळी खरंच नको असेल, तर रात्रपाळीचा भत्ता रात्रपाळी करणाऱ्याला मिळावा. तो न्याय्य आहे. पण हातात येणाऱ्या पगारात ५,७०० चा फरक का, याचं पूर्ण उत्तर त्यातून मिळत नाही.

युनियनचं म्हणणं की सह्या झाल्या, विषय संपला. मॅकिनॉनच्या खटल्यातही युनियनचा करार होता आणि तो ढाल म्हणून चालला नाही. करार कायद्याच्या वर जाऊ शकत नाही. तरीही मी म्हणेन, युनियनशी वैर घेऊ नका. तुम्ही वर्गणी भरता, सभासद आहात, करारातला वर्गवारीचा भाग, म्हणजे कोणतं काम कोणत्या श्रेणीत ते ठरवणारा, वाचायला मागा. माझा अंदाज आहे की वर्गवारीच्या चर्चेला एकही बाई बसलेली नव्हती आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. मुद्दाम केलं असेल असं मी आधीच धरून चालणार नाही, तुम्हीही चालू नका.

वर्गवारी हीच या दुखण्याची जुनी जागा आहे. इंग्लंडात डॅगनहॅमला फोर्डच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या १८७ बायकांनी १९६८ मध्ये संप केला. शिलाईची परीक्षा पास झाल्याशिवाय तिथे घेत नसत आणि तरी त्यांना कमी कौशल्याच्या ‘ब’ श्रेणीत टाकलं होतं. तीन आठवड्यांत कारखाना ठप्प झाला, मंत्री बार्बरा कॅसल यांना मध्ये पडावं लागलं, पगार पुरुषांच्या दराच्या ९२ टक्क्यांपर्यंत गेला आणि १९७० मध्ये तिथे समान वेतनाचा कायदा आला. जगभर त्याचा गाजावाजा झाला. पण त्यांची मूळ मागणी वरच्या श्रेणीची होती, शिलाईला कौशल्य म्हणा अशी. ती श्रेणी १९८४ मध्ये, पुन्हा संप केल्यावर मिळाली. म्हणून पगारवाढ मिळाली तरी पदाचा विषय सोडू नका.

पुरुष सहकारी उलटतील ही तुमची भीती खरी आहे. कँटीनमध्ये कुणीतरी म्हणेलच, ‘यांना दिलं तर आपलं कापतील.’ त्यावर उत्तर तयार ठेवा. बरोबरी आणण्यासाठी कुणाचाही पगार कमी करायला वेतन संहितेत मनाई आहे. हे तुम्ही सांगण्यापेक्षा तुमच्या त्या गुणी पोराने सांगितलं तर जास्त पोचेल. त्याच्याशी मोकळेपणी बोला. त्याच्याकडून सही मागू नका. मशीन तू माझ्याकडून शिकलास एवढं तू नाकारू नकोस, इतकंच मागा.

ठेकेदाराकडच्या तिघींबद्दल मी फार विचार केला. त्यांना सोडून पुढे जायचं तुमच्या जिवावर येतंय, ते पत्रात दिसतं. पण पहिल्या अर्जावर त्यांच्या सह्या घेऊ नका. तुम्हाला काढायला कंपनीला नोटीस, चौकशी, कारणं लागतील. त्यांचा गेट पास दुसऱ्या दिवशी बंद होऊ शकतो, आणि ठेकेदार म्हणेल दुसरीकडे काम बघा. कायद्याने त्यांचा मालकही वेगळा दाखवलेला आहे, त्यामुळे त्यांची वाट वेगळी आहे. त्यांना हे समोर बसवून सांगा, मागून कळू देऊ नका. त्यांचे दिवस, त्यांच्या पाळ्या यांची वही मात्र आतापासून ठेवायला लावा. तुम्हा चौघींचं काही ठरलं तर पुढचा अर्ज त्यांचा असू शकतो.

बाळंतपणाची रजा घेऊन आलेल्या मुलीचं प्रकरण तुमच्या अर्जात मिसळू नका. ते स्वतंत्र आहे आणि अधिक सरळ आहे. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हा हक्क आहे, आणि त्या रजेच्या काळात नोकरीवरून काढणं किंवा सेवाशर्ती तिच्या नुकसानीच्या होतील अशा बदलणं कायद्याला मंजूर नाही. वाढ कोणत्या तारखेच्या आदेशाने थांबली ते तिने लेखी विचारावं. तिला सांगा की पॅकिंगला टाकल्यावर ‘बाळ लहान आहे, बसून काम बरं’ असं जे सगळे म्हणतात त्यांना तिने हो म्हणू नये. तो होकारच पुढे तिच्या तोंडावर मारतील.

आणि आता केबिनमधली गोष्ट.

मी तिशीत असताना एका मोठ्या कार्यालयात हिशेब विभागात होते. आम्ही पाच जणींनी बढतीबद्दल मिळून अर्ज करायचं ठरवलं होतं. मला एकटीला बोलावलं आणि वाढीचं पत्र पाकिटात घालून दिलं. सासऱ्यांचं ऑपरेशन तोंडावर होतं. मी घेतलं. दुपारी डबा खाताना ते पाकीट पर्समध्ये होतं आणि पर्स मांडीवर. एकीने विचारलं, ‘मग अर्ज सोमवारी देऊ या ना?’ मी म्हटलं, ‘बघू.’ तो अर्ज कधीच दिला गेला नाही. मी ते पाकीट परत करायला हवं होतं असं मला आज वाटत नाही, पैशांची गरज खरी होती. पण तेव्हा बढतीबरोबर मी गप्प बसणंही कबूल करून आले होते, आणि ते मला कुणी स्पष्ट मागितलंही नव्हतं. माझं मीच देऊन टाकलं.

म्हणून तुमचा ‘एकटीचं घेऊ की सगळ्यांचं मागू’ हा प्रश्नच मला जरा उलगडून बघावासा वाटतो. हे दोन पर्याय साहेबांनी तुमच्यासमोर मांडलेत. तुम्ही ते तसेच उचललेत. लाईन लीडर व्हायची तुमची लायकी आहे की नाही? आहे. चौदा वर्षं आहे. मग ती बढती तुमच्या कामाची आहे, तुमच्या गप्प बसण्याची किंमत नव्हे. साहेबांना सांगा, ‘बढती देणार असाल तर आनंद आहे. पद, श्रेणी, पगार लेखी द्या. आमचा अर्ज वेगळा विषय आहे.’ लेखी द्यायला ते तयार झाले तर घ्या, आणि त्या कागदात ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ असं वाक्य असेल तर सही करू नका. तयार झाले नाहीत, तर ती बढती नव्हतीच, हे तुम्हाला दोन मिनिटांत कळेल. आणि काहीही झालं तरी केबिनमधलं बोलणं बाकी सहा जणींना आजच सांगा. उद्या दुसरीला बोलावतील. तिला वाटायला नको की तुम्हीही आधी जाऊन आलात आणि बोलला नाहीत.

तुमच्या यजमानांना मी चूक म्हणणार नाही. हप्ता महिन्याच्या पाच तारखेला जातो, न्याय तारखेवर येत नाही. डिकोस्टाबाईंना दहा वर्षं लागली. घाई करू नका, पण वाटही पाहत बसू नका, कारण वेतनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते आणि त्यामागची थकबाकी हातची जाते. यजमानांशी बोलताना ‘कोर्टात जाते’ असं सुरुवातीलाच म्हणू नका, कारण तुम्ही जात नाही आहात. तुम्ही एक प्रश्न विचारणार आहात. त्याचं उत्तर बघून पुढची पायरी: युनियनतर्फे मागणी, मग कामगार आयुक्तांचं कार्यालय, मग वेतन संहितेखालचा दावा. तो दावा अनेक कामगारांसाठी मिळून एकच करता येतो, आणि नोंदणीकृत युनियनही सभासदांच्या वतीने करू शकते. प्रत्येक पायरीवर थांबायची मुभा तुम्हाला आहे. आणि काहीच करायचं नाही असं चौघींनी विचारांती ठरवलं, तर त्यातही कमीपणा नाही. फक्त ते चौघींनी मिळून ठरवा.

वकिलाच्या खर्चाची धास्ती घेऊ नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक देशभर चालतो. अर्ज देण्याआधी एकदा तिथे जाऊन तो दाखवून घ्या. बऱ्याच बायका भांडण पेटल्यावर जातात. पहिल्या कागदाच्या वेळी जाणं जास्त उपयोगी पडतं.

तो पहिला कागद साधारण असा लिहा. तुमच्यासारख्या इतर कुणालाही मशीनचं नाव बदलून वापरता येईल.

‘मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग यांस. आम्ही खाली सही करणाऱ्या कामगार हार्नेस लाईनवर असेंब्ली सहायक या पदावर काम करतो. क्रिम्पिंग मशीनचे आमचे प्रशिक्षण पूर्ण झाले असून लाईनवरील कौशल्य तक्त्यात तशी नोंद आहे. मागील बारा महिन्यांत आम्ही या मशीनवर काम केलेल्या दिवसांचा तक्ता सोबत जोडला आहे. ऑपरेटर व असेंब्ली सहायक या पदांच्या कामात नेमका कोणता फरक आहे, तसेच ऑपरेटर पदासाठी आमचा विचार का झाला नाही, याची कारणे आम्हास लेखी कळवावीत, ही विनंती.’

यात ‘अन्याय’ नाही, ‘भेदभाव’ नाही, धमकी नाही. ते मुद्दाम. एवढ्या कागदावरून कुणावर कारवाई करायची तर कंपनीलाच अवघड जाईल. चौघींच्या सह्या गोलाकार करा म्हणजे पहिली कोण हे दिसत नाही. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख दोन्ही. घ्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती नेमणूक पत्रासोबत ठेवा. एक प्रत युनियनला.

दिवसांचा तक्ता मुलीकडून करून घ्या. एका रविवारचं काम आहे, तिच्या अभ्यासात खंड पडणार नाही. तारीख, पाळी, मशीन, कुणाच्या जागी, असे चार रकाने पुरेत. तुम्ही सांगा, तिला लिहू द्या.